सीआयडी संवाद मतदान: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

चाहत्यांच्या आवडत्या संवादाचं (आमच्या भाषेत 'ओळ') मतदान नक्की कशावर, हे आधी पक्कं करून टाकलं. सोनीवरची 'सीआयडी', २१ जानेवारी १९९८ ते २७ ऑक्टोबर २०१८ एवढाच काळ. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, पण ते भाग या खेपेला बाहेर. चालू मालिकेतली ताजी ओळ लोकांच्या तोंडी असते आणि मतं तिलाच पडतात. वीस वर्षांपूर्वीच्या ओळीशी तिची बरोबरी होत नाही.

पहिल्या पर्वाचेच दीड हजारांवर भाग. सगळे बघून यादी करायची म्हटलं तर यादीच होणार नाही. म्हणून सूचना चाहत्यांकडून घ्यायच्या आणि तपासणी आपल्याकडे ठेवायची. सूचनेच्या फॉर्ममध्ये पाचच रकाने: ओळ, कोणाच्या तोंडची, भागाचा क्रमांक किंवा नाव, मिनिट-सेकंद, आणि प्रसंग दोन वाक्यांत. 'कोणाच्या तोंडची' हा रकाना मोकळा ठेवायचा नाही. मोकळा ठेवला की एकाच माणसाची प्रद्युम्न, प्रद्युमन, एसीपी साहेब, साटम सर अशी चार माणसं होतात. तिथे निवडसूची: प्रद्युम्न, अभिजित, दया, डॉ. साळुंखे, फ्रेडी, डॉ. तारिका, इतर. 'इतर' निवडलं तरच नाव लिहायचं.

५ जून, गुरुवार

सूचना यायला लागल्या आणि अपेक्षेप्रमाणे निम्मं काम शुद्धलेखनाचं निघालं. मालिका हिंदी, सूचना पाठवणारे बरेचसे मराठी, कीबोर्ड प्रत्येकाचा वेगळा. 'गड़बड़' कुणी नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन लिहितं, कुणी मराठीसारखं 'गडबड'. नुक्ता देणाऱ्यांतही दोन तऱ्हा आहेत. काही कीबोर्ड ड़ हे एकसंध अक्षर देतात, काही ड देऊन त्याखाली नुक्त्याचं वेगळं चिन्ह बसवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण सूचना जमा होतात त्या गुगल शीटला ती दोन वेगळी वाटतात. त्यामुळे 'डुप्लिकेट काढा' ही सोय इथे काही कामाची नाही.

उपाय म्हणून मूळ ओळीशेजारी 'जुळणी' नावाचा रकाना केला. त्यात सबस्टिट्यूट (एकाच्या जागी दुसरं घालणारं) आणि युनिकार (क्रमांकावरून अक्षर देणारं) ही सूत्रं एकात एक बसवून पुढच्या गोष्टी होतात. युनिकार २३९६ (ड़) च्या जागी साधा ड, २३९५ (ज़) च्या जागी साधा ज. सुटा नुक्ता, म्हणजे २३६४, काढून टाकायचा. चंद्रबिंदू २३०५ च्या जागी अनुस्वार २३०६, नाहीतर 'फाँसी' आणि 'फांसी' वेगळ्या राहतात. ८२०४ आणि ८२०५ ही न दिसणारी जोडचिन्हं काढायची. स्वल्पविराम, उद्गारचिन्हं, पूर्णविराम, हिंदी दंड सगळे काढायचे आणि शेवटी ट्रिम, म्हणजे जादा मोकळ्या जागा काढायच्या. जुळणीचा रकाना फक्त ताडून बघायला आहे, मतपत्रिकेवर तो कधीही दिसणार नाही. तिथे ओळ हिंदीच्या शुद्धलेखनानेच, नुक्त्यासकट.

रोमनमध्ये आलेल्या सूचनांना मात्र सूत्र नाही. 'दरवाज़ा' आणि 'तोड़' यांची रोमन स्पेलिंगं किती प्रकारे होतात याला अंत नाही. त्या हाताने देवनागरीत टाकायच्या, दोघांनी. एकाने लिहायचं, दुसऱ्याने मूळ सूचना बघून टिक करायची.

९ जून, सोमवार

शुद्धलेखन सरळ झालं तरी उरतो शब्दक्रम. 'दया, दरवाज़ा तोड़ दो', 'दया, तोड़ दो दरवाज़ा', 'तोड़ दो दरवाज़ा, दया', नुसतं 'दरवाज़ा तोड़ दो'. हे वेगवेगळे पर्याय म्हणून मतपत्रिकेवर आले तर मतं फुटतात आणि जिला सगळ्यात जास्त लोक ओळखतात तीच ओळ खाली घसरते. म्हणून नियम असा: बोलणारा तोच, हेतू तोच आणि मुख्य शब्द तेच असतील, तर सगळ्या रूपांची मिळून एक ओळ. मतपत्रिकेवर सर्वाधिक प्रचलित रूप छापायचं, बाकीची त्या ओळीच्या टिपेत.

उलट चूकही होते, आणि ती जास्त वाईट. 'फाँसी' हा शब्द आला की सगळं एकाच गाठोड्यात बांधायचा मोह होतो. पण गुन्हेगाराला शेवटी सुनावलेलं 'अब तो तुम्हें फाँसी होगी' वेगळं आणि चौकशीच्या मध्यावर दाखवलेली फाशीची भीती वेगळी. पहिलं प्रकरण मिटल्याचा शिक्का, दुसरं कबुली काढायचं हत्यार. हेतू वेगळा म्हणून ओळी वेगळ्या.

११ जून, बुधवार

खरेपणाची तपासणी. सीआयडीच्या नावावर फिरणाऱ्या विनोदांतला मोठा हिस्सा मालिकेत कधीच बोलला गेलेला नाही. मृतदेहाकडे बघून 'म्हणजे हा मेलेला आहे' छापाचे निष्कर्ष लोकांनी टर उडवायला रचलेत, आणि इतकी वर्षं फिरल्यामुळे पाठवणाऱ्यालाही ते खरेच वाटतात. हे सीआयडीपुरतंच नाही. अमेरिकन 'स्टार ट्रेक'मधलं म्हणून जगभर सांगितलं जाणारं 'बीम मी अप, स्कॉटी' हे वाक्य मूळ मालिकेत नेमक्या त्या शब्दांत कुठेच नाही.

दुसरा गाळ सिनेमातून येतो. दयाचं काम करणारे दयानंद शेट्टी २०१४ मधल्या एका हिंदी सिनेमात पोलिसाच्याच भूमिकेत होते आणि तिथे दरवाजाची ओळ गंमत म्हणून वापरली होती. त्या दृश्याची चित्रफीत जोडून आलेली सूचना पुरावा म्हणून चालणार नाही. मालिकेतलाच भाग लागेल.

पुराव्याची अट: एकाच भागात आलेल्या ओळीला एक भाग आणि एक वेळ, पुनःपुन्हा येणाऱ्या ओळीला तीन वेगवेगळे भाग. भाग सोनी लिव्हवरचा किंवा वाहिनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवरचा. संकलित तुकडे ('दयाचे दहा दरवाजे' वगैरे) ग्राह्य नाहीत, कारण त्यात दोन भागांतले आवाज एकमेकांवर चढवलेले असतात.

शोधायची पद्धत: यूट्यूबवर भाग उघडून वर्णनाखालचा 'ट्रान्स्क्रिप्ट' उघडायचा आणि त्यात शब्द शोधायचा. आपोआप तयार झालेल्या ओळी फक्त जागा दाखवायला वापरायच्या. सीआयडीत उत्कंठेचं पार्श्वसंगीत नेमकं महत्त्वाच्या वाक्यावरच चढतं, त्यामुळे यंत्र तिथेच चुकतं. वेळ सापडली की दहा सेकंद मागे जाऊन हेडफोन लावून ऐकायचं आणि जे ऐकू येतं तेच लिहायचं. वेळ नोंदवताना कोणत्या मंचावरची ते लिहायलाच हवं. जाहिरातीच्या जागा आणि सुरुवातीची झलक कापल्यामुळे दोन मंचांवर एकाच वाक्याची वेळ जुळत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एक केस दोन-तीन भागांत चालायची. तिथे केसचं नाव पुरेसं नाही, 'भाग दुसरा' असं स्पष्ट हवं.

१४ जून, शनिवार

आज मुख्य निर्णय झाला. एकाच मतपत्रिकेत सगळ्या ओळी ठेवायच्या नाहीत.

'कुछ तो गड़बड़ है' आणि 'दया, दरवाज़ा तोड़ दो' या दोन ओळी कोणत्याही मतदानात पहिल्या दोन येणार, हे सांगायला मतदान कशाला हवं? ज्यांनी आयुष्यात एकही भाग धड पाहिला नाही त्यांनाही त्या पाठ आहेत. त्यांच्याशी एखाद्या भागात एकदाच आलेली, पण प्रसंगात चपखल बसलेली ओळ लढवणं म्हणजे तिला उभं करून पाडणं. तेव्हा या दोन ओळींना मानाच्या गणपतींसारखं पुढे काढायचं. निकालात त्या सर्वांत वर, स्पर्धेबाहेर.

उरलेल्यांचे दोन गट. 'ठेक्याच्या ओळी', म्हणजे भागांमागून भाग येणाऱ्या: 'पता लगाओ', फाँसीची ओळ, प्रयोगशाळेतली साळुंखे-प्रद्युम्न यांची ठरावीक टोलवाटोलवी. आणि 'एकदाच्या ओळी'. दोन गटांचे दोन फॉर्म, दोन निकाल. ठेक्याची ओळ सवयीने आवडते, एकदाची ओळ प्रसंगामुळे. दोन्हींना एकाच रांगेत उभं करून मोजणं चुकीचं, असं आमचं मत. यावर गटात एकमत नाही, पण निर्णय झाला.

'सर, ये देखिए' यासारखी कामचलाऊ वाक्यं दोन्हीकडून वगळली. ती शेकडो वेळा येतात, पण त्यांत संवाद म्हणून काहीच नाही.

फ्रेडीची अडचण वेगळी. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, त्यामुळे फ्रेडीसाठी सूचना भरपूर आहेत आणि प्रेमाने आलेल्या आहेत. पण लोक ओळ पाठवत नाहीत, प्रसंग सांगतात: बायकोला घाबरतो तो, भूत दिसल्यावर मागे सरकतो तो. फ्रेडीचा विनोद शब्दांत कमी आणि अंगविक्षेपात जास्त. त्याच्यावर संवादाची मतपत्रिका अन्यायच करते. त्या सूचना 'प्रसंग' नावाच्या वेगळ्या शीटमध्ये जपून ठेवल्या. त्यातून ओळी तयार करून घुसवायच्या नाहीत.

१५ जून, रविवार

टिपा लिहिणं सुरू. प्रत्येक ओळीखाली कोण, कोणाला, कुठे आणि काय घडल्यावर, एवढंच, तीस शब्दांच्या आत. 'अजरामर', 'लाजवाब' असली विशेषणं टिपेत नकोत. ती मतदाराला ढकलतात.

नमुना म्हणून 'कुछ तो गड़बड़ है' या मानाच्या ओळीची टीप अशी झाली: 'प्रद्युम्न, घटनास्थळी, पुरावे जुळत नाहीत तेव्हा. हात वर, बोटं हवेत फिरतात, मधे छोटा विराम. बहुतेकदा शेजारी दया किंवा अभिजित.' प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटमांची ती बोटं काढली तर चार साधे हिंदी शब्द उरतात. दरवाजाच्या ओळीचंही तेच. बोलतात प्रद्युम्न, पण ओळ पूर्ण होते दयाच्या खांद्याने किंवा लाथेने. म्हणून श्रेयाच्या रकान्यात दोघांची नावं.

संवादलेखकाचं नाव त्या-त्या भागाच्या श्रेयनामावलीतून घ्यायचं. इतक्या वर्षांत लेखक बदलत गेले, तेव्हा एका भागावरून दुसऱ्याचं अनुमान काढायचं नाही. ऑनलाइन प्रतीत श्रेयनामावली कापलेली असेल तर रकाना रिकामा.

चित्रफितीचे तुकडे आपण कापून चढवायचे नाहीत. हक्क वाहिनीचे आहेत, आणि आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने फीत मध्येच उडवली तर मतदाराला टीप तरी दिसते, पण पुरावा नाही. अधिकृत भागाचा दुवा, नेमक्या सेकंदापासून सुरू होणारा, एवढं पुरे.

२१ जून, शनिवार

पहिल्या फेरीचा फॉर्म. प्रत्येक गटात २४ ओळी, मतदाराने जास्तीत जास्त ५ निवडायच्या, वरच्या ८ अंतिम फेरीत. चेकबॉक्स प्रश्न, 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन'मध्ये जास्तीत जास्त ५. नेमक्या ५ ची सक्ती नको. दोनच आवडल्या असतील तर उरलेली तीन मतं उगाच कुणाच्या तरी पदरात पडतात.

पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय प्रश्नाच्या तीन ठिपक्यांत आहे, ती चालू. २४ ओळींची यादी फोनवर दोन-तीन पडदे भरते आणि तळाशी जाईपर्यंत पाच मतं संपलेली असतात. क्रम बदलता ठेवला की हा तोटा सगळ्या ओळींत सारखा वाटला जातो.

मोजणीतला सापळा: चेकबॉक्सची सगळी उत्तरं शीटच्या एकाच घरात येतात, मधे स्वल्पविराम. आणि आपल्या ओळींत स्वल्पविराम ठासून भरलेत, कारण दयाला हाक मारल्याशिवाय कोणी बोलतच नाही. स्वल्पविरामावर तोडणारं स्प्लिट सूत्र लावलं की 'दया' सुटा पर्याय म्हणून बाहेर पडतो. मोजणीच्या काउंटइफ सूत्राने पूर्ण ओळ शोधावी, तर ओळीतलं प्रश्नचिन्ह त्या सूत्राला 'कोणतंही एक अक्षर' वाटतं. म्हणून प्रत्येक ओळीआधी तीन आकडी सांकेतिक क्रमांक: ४१७, २८३ असे, मुद्दाम विस्कळीत. १, २, ३ दिले तर मतदार त्याला क्रमवारी समजतो, शिवाय ७ शोधताना १७ सुद्धा मोजला जातो. आता काउंटइफमध्ये दोन चांदण्यांच्या (*) मधे क्रमांक, की मोजणी नेमकी.

एका गुगल खात्यातून एकच प्रतिसाद ही अट चालू. ज्यांचं खातं नाही किंवा जे घरात एकाच फोनवर बघतात त्यांची अडचण होते, ती मान्य करून. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मतदानाचा पर्याय तपासून सोडला. तिथे १२ पर्यायांची मर्यादा आणि कोणी कशाला मत दिलं ते गटातल्या सगळ्यांना दिसतं. पहिली दहा मतं जिकडे, पुढचे तिकडे. त्याच कारणासाठी फॉर्ममधला 'निकालाचा सारांश दाखवा' बंद.

२४ जून, मंगळवार

अंतिम फेरीची रंगीत तालीम, खोट्या २० मतपत्रिका भरून. ओळी चार: क, ख, ग, घ. पहिली पसंती क ८, ख ६, ग ४, घ २. एकेक मत मोजायचं असतं तर क जिंकली.

पसंतीक्रमाने मोजलं (सर्वांत कमी मतांची ओळ बाद, तिच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे) तर घ बाद. तिच्या दोन्ही मतपत्रिकांवर दुसरी पसंती ग, म्हणून ग ६. आता ख ६ आणि ग ६, बरोबरी. पुढे बाद कोणाला करायचं? 'मागच्या फेरीत जिची मतं कमी ती बाद' हा नियम लावला तर ग जाते. तिच्या सहापैकी पाच मतपत्रिका ख कडे जातात, एकीवर पुढची पसंतीच नाही. ख ११, क ८, ख विजयी. चिठ्ठी टाकली असती आणि ख बाद झाली असती, तर तिच्या पाच ग ला आणि एक क ला: ग ११, क ९, ग विजयी. म्हणजे बरोबरीच्या नियमानेच विजेता बदलतो. हा नियम मतदान उघडण्याआधी फॉर्मच्या पहिल्या पानावर छापायचा. मोजताना ठरवला तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

पसंती नोंदवायला 'मल्टिपल चॉइस ग्रिड'. ओळी आठ, रकाने तीनच: पहिली, दुसरी, तिसरी पसंती. आठ रकाने फोनच्या रुंदीत मावत नाहीत, बाजूला सरकवावं लागतं आणि कित्येकांना पुढे रकाने आहेत हे कळतच नाही. 'एका रकान्यात एकच उत्तर' चालू करायचं. 'प्रत्येक ओळीत उत्तर आवश्यक' मात्र बंदच हवं. दोन्ही एकदम चालू केली तर आठ ओळींना तीन रकाने पुरत नाहीत, फॉर्म पाठवलाच जात नाही आणि मतदाराला कारण उमगत नाही. सक्ती काढल्यामुळे कोणी पहिली पसंती रिकामी सोडून दुसरी भरू शकतो. अशा वेळी खालच्या पसंत्या एक पायरी वर सरकवायच्या. हाही नियम छापील.

ग्रिडमध्ये लांब ओळ चार-पाच ओळींत दुमडते आणि गोल कुठल्या ओळीचा ते समजत नाही. तिथे सांकेतिक क्रमांक आणि पहिले तीन-चार शब्द, पूर्ण ओळ टिपेसह वरच्या वर्णनात.

२८ जून, शनिवार

पहिली फेरी उघडली. बंद होण्याची वेळ ४ जुलै, भारतीय वेळ रात्री १२. नुसतं 'रात्री १२' लिहून भागत नाही. न्यू जर्सीतल्या माणसाला ते सध्या दुपारचे अडीच पडतात आणि तो संध्याकाळी निवांत मत द्यायला बसतो तेव्हा फॉर्म बंद. म्हणून तारीख, वार, भारतीय वेळ आणि शेजारी तिथली वेळ. शीटचा टाइमझोन कोलकाता आहे ना, हे फाइलच्या सेटिंगमध्ये बघून घेतलं, कारण टाइमस्टँप त्यानुसार पडतो. उशिरा आलेली मतं त्यावरूनच गाळायची आहेत.

१ जुलै, मंगळवार

एका तासात अभिजितच्या एकाच ओळीला मतांचा लोंढा. टाइमस्टँप काही सेकंदांच्या अंतराने, पण खाती वेगळी आणि बहुतेकांनी बाकीच्या चार निवडीही वेगवेगळ्या केलेल्या. चाहत्यांच्या एखाद्या पानावर दुवा गेला असणार. यात नियमभंग नाही, मतं राहणार. फक्त तीच एक ओळ निवडलेल्या मतपत्रिकांना खूण करून ठेवली. निकालासोबत त्यांची संख्या स्वतंत्र द्यायची, वजा करायची नाही. मतदान चालू असताना नवा नियम आणायचा नाही.

५ जुलै, शनिवार

दोन्ही गटांची वरची आठ निश्चित. 'एकदाच्या' गटात आठव्या जागेवर बरोबरी आली, दोन्ही ओळी घेतल्या. तिथे ग्रिडमध्ये नऊ ओळी होतील, काही बिघडत नाही. अंतिम फेरी आजपासून १२ जुलैच्या रात्री १२ पर्यंत.

१३ जुलै, रविवार

मोजणी दोघांनी स्वतंत्र केली, एकाने सूत्रांनी आणि एकाने मतपत्रिका छापून गठ्ठे लावून. दोन्ही जुळल्यावरच पत्रक. ठेक्याच्या ओळींत फाँसीची ओळ पहिली. पहिल्या पसंतीत ती पुढे नव्हती, साळुंखे-प्रद्युम्नच्या ओळी एकेक बाद होत गेल्या तशी ती वर आली. 'एकदाच्या' गटात पहिली फेरी गाजवणारी अभिजितची ओळ तिसरी. पहिली पसंती भरपूर, दुसरी-तिसरी जवळजवळ नाही.

पत्रकात प्रत्येक फेरीचे आकडे, संपलेल्या (पुढची पसंती न उरलेल्या) मतपत्रिका, खूण केलेल्या मतपत्रिका आणि नियम जसे छापले होते तसे. नावं आणि खाती काढून टाकलेली मतपत्रिकांची शीट 'फक्त पाहा' परवानगीने जोडली. कोणाला स्वतः मोजून बघायचं असेल तर बघता येईल. हरकतींची मुदत २० जुलै. वेळेचा पुरावा न मिळाल्यामुळे अडलेल्या सूचनांची यादीही त्याच दिवशी खुली होईल. त्यात भागाचा क्रमांक भरता येणाऱ्यांनी तो थेट त्या ओळीसमोर भरावा.